बोलणं बदललं, की लघवी तपासा

ताप आणि भ्रम एकाच वेळी दिसले, की नागपुरातल्या माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो मेंदूज्वर. ही भीती उगाच आलेली नाही. १९६५ साली इथल्याच चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला आणि आज जगभर तो त्याच नावाने ओळखला जातो. पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वराचेही रुग्ण निघत आले आहेत. या आजारांत विषाणू थेट मेंदूत शिरतो. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर निबर झालेल्या रुग्णाला भ्रम होतो तेव्हा तसं नसतं. जंतू लघवीच्या पिशवीत असतो, पोटातल्या पाण्यात असतो, पायाच्या भेगेत असतो. मेंदूपर्यंत तो कधी पोचतही नाही. तरी माणूस स्वतःचं घर ओळखेनासा होतो.

माझ्या आईला सिरोसिस आहे. दारूला ती कधी शिवली नाही. अनेक वर्षांचा मधुमेह आणि लिव्हरवर साठलेली चरबी यांतून लिव्हर निबर होत गेलं. तिच्या आजारपणात, वॉर्डातल्या बाकांवर बसून, डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचायचं की नाही, हे घरातलं माणूस ठरवतं. म्हणून हे घरातल्या माणसांसाठी.

१. ताप नसला तरी इन्फेक्शन असतं.

आई पहिल्यांदा भरकटली तेव्हा थर्मामीटरमध्ये काहीच नव्हतं. दिवसभर झोपली, रात्रभर जागी राहिली. मध्यरात्री उठून पूजेची तयारी करायला लागली. मावशीच्या मुलीचं लग्न कधी आहे, असं विचारत होती; त्या मुलीची मुलं आता कॉलेजात आहेत. लघवीला जळजळ नाही, पोटात दुखणं नाही, थंडी वाजणं नाही. "मला काही नाही झालं गं, तू उगाच घाबरून राहिली," असं मलाच समजावत होती. लघवीच्या रिपोर्टमध्ये मात्र पस सेल्स भरून होते. अँटिबायोटिक सुरू झालं आणि काही दिवसांत आईचं बोलणं ताळ्यावर आलं.

असं का होतं, ते नंतर कळलं. सिरोसिसमध्ये पानथरी वाढते आणि पांढऱ्या पेशी तिथे अडकून राहतात. त्यामुळे या रुग्णांचा पांढऱ्या पेशींचा आकडा एरवीच कमी असतो. आईचा नेहमीचा आकडा तीन हजारांच्या आसपास. त्या दिवशी तो सात हजार आला. लॅबच्या कागदावर तो नॉर्मल होता. आईच्या हिशोबाने दुपटीहून जास्त होता. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून अनेकांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असतं. त्याने नाडीही वाढत नाही. ताप नाही, नाडी नाही, आकडा नाही. इन्फेक्शन झाल्याचं शरीर ज्या खुणांनी सांगतं त्या सगळ्या झाकल्या जातात आणि उरतं फक्त वागणं. म्हणून रुग्ण बरा असतानाचे आकडे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन, सोडियम, वजन.

२. अमोनिया एकटा दोषी नाही.

आपण खाल्लेल्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो. काही तिथले जंतू करतात, काही आतड्याच्या पेशीच करतात. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. निबर झालेल्या लिव्हरमधून रक्त नीट जात नाही, आडवाटेने पुढे निघतं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूत चांदणीच्या आकाराच्या मदतनीस पेशी असतात. त्या हा अमोनिया शोषून घेतात, त्याचं ग्लुटामिन करतात, आणि त्या ग्लुटामिनमुळे पाणी ओढून थोड्या सुजतात. झोप उलटणं, हात थरथरणं, माणूस गुंगणं, हे सगळं तिथून सुरू होतं.

पण अमोनिया तर आईच्या रक्तात महिनोन्‌महिने वाढलेलाच असायचा आणि ती मजेत भिशीचे हिशोब करायची. मग त्याच आठवड्यात असं काय झालं? याचं उत्तर मला लंडनमधल्या एका प्रयोगात सापडलं. २००४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन झालेल्या सिरोसिसच्या रुग्णांना अमिनो आम्लांचं द्रावण देऊन त्यांचा अमोनिया मुद्दाम वाढवला. लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांमध्ये ते खाली घसरले. इन्फेक्शन बरं झाल्यावर त्याच रुग्णांचा अमोनिया पुन्हा तसाच वाढवला. या वेळी घसरण झाली नाही. म्हणजे अमोनिया तोच, मेंदूही तोच; फरक केला तो अंगातल्या दाहाने. जंतूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांमुळे एरवी सोसला जाणारा अमोनिया मेंदूला सोसवत नाही.

शिवाय इन्फेक्शनमध्ये स्नायू झिजतात, पाणी कमी पडतं, किडनी मंदावते आणि अमोनियाही वर चढतो. घरच्यांनी यातून एवढंच घ्यावं: अमोनियाचा आकडा फारसा वाढलेला नाही म्हणून कोणी निर्धास्त केलं, तरी निर्धास्त होऊ नका. माणूस बदललेला दिसतोय ना, मग इन्फेक्शन शोधायचं.

३. भिशीची वही थर्मामीटरपेक्षा आधी बोलते.

आईकडे तिच्या मैत्रिणींची भिशी आहे. कोणी किती दिले, कोणाचा नंबर लागला, हे सगळं ती एका लांबट वहीत लिहिते. अक्षर आखीव. आजार वर यायच्या आदल्या दिवसांत ते अक्षर ओळीखाली उतरायला लागतं, आकडे एकमेकांवर चढतात, एकच नाव दोनदा येतं. डॉक्टर ज्या चाचण्या घेतात त्याही फार वेगळ्या नसतात: विखुरलेले आकडे क्रमाने जोडा, चांदणी काढा, सही करा. प्रत्येक घरात अशी एखादी वही असते. कोणी दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहितो, कोणी शब्दकोडं सोडवतो, कोणी रोज नातवाला पाढे विचारतो. रुग्ण जे रोज करतो, त्यावरच नजर ठेवा.

आणखी एक सोपी चाचणी आहे. या रुग्णांसाठी ती इटलीतल्या पादुआच्या डॉक्टरांनी तपासून पाहिली. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगायची. पंधरा किंवा जास्त आली तर ठीक. दहाच्या खाली गेली तर गंभीरपणे घ्यायचं. आईला हा खेळ आवडतो. बरी असली की महाराजबागेतले सगळे प्राणी एका दमात सांगते. ज्या दिवशी गाय, म्हैस, बकरी आणि पुन्हा गाय असं होतं, त्या दिवशी मी लघवीची बाटली आणायला निघते.

दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगून मनगटं मागे वळवायला लावा. पंजे मधूनच गळून पडल्यासारखे खाली येऊन पुन्हा वर गेले, तर डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात. ते दिसलं, की सकाळपर्यंत थांबायचं नाही.

४. पोटातलं पाणी तपासू द्या.

हा मुद्दा मी लांबवून लिहिणार आहे, कारण अनेक जीव इथे जातात.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: पोटातलं पाणी काढलं की माणूस संपतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक सही द्यायला तयार नसतात. "आमच्या काकांचं पाणी काढलं आन्‌ आठ दिवसांत गेले," असं कोणीतरी सांगतं. काका पाणी काढल्याने गेलेले नसतात. ज्या टप्प्यावर पाणी काढावं लागतं, तो टप्पाच अवघड असतो. आणि तपासणीसाठी लागतं ते पाणी किती, तर बारीक सुईने काढलेलं सिरिंजभर. पोट रिकामं करणं वेगळं आणि तपासायला पाणी घेणं वेगळं, हे सही मागणाऱ्याने एकदा नीट सांगितलं तर निम्मे नातेवाईक लगेच हो म्हणतील.

पोटात पाणी असलेल्या रुग्णाला आतडं न फुटता, बाहेरून काही न घुसताही त्या पाण्यात इन्फेक्शन होऊ शकतं. आतड्यातले जंतू भिंत ओलांडून तिथे पोचतात. अनेकदा पोट दुखतही नाही. पहिली खूण म्हणून फक्त भ्रम दिसतो. निदान एकाच गोष्टीने होतं: त्या पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये पॉलिमॉर्फ जातीच्या पांढऱ्या पेशी २५० किंवा जास्त असल्या, तर इन्फेक्शन धरून उपचार सुरू करायचे. कल्चरची वाट पाहत बसायचं नाही. कल्चर मात्र लावायचं, आणि ते पाणी खाटेजवळच ब्लड कल्चरच्या बाटलीत टाकलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

वेळेला इथे मोल आहे. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात, दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आत ज्यांचं पाणी तपासलं गेलं त्यांच्यापेक्षा उशीर झालेल्यांमध्ये मृत्यू बरेच जास्त होते. उशिराचा प्रत्येक तास धोका तीन टक्क्यांहून थोडा जास्तच वाढवत होता. म्हणून संध्याकाळी दाखल केलं आणि "सकाळी राउंडला बघू" असं उत्तर मिळालं, तर नम्रपणे पण पुन्हा पुन्हा विचारा. मी विचारते. कोणी रागावलं तरी विचारते.

याच इन्फेक्शनमध्ये अल्ब्युमिन का लिहून देतात, हेही माहीत असावं, कारण बाटल्या महाग असतात आणि घरचे विचारतात की याशिवाय चालणार नाही का. १९९९ मध्ये स्पेनमध्ये झालेल्या अभ्यासात फक्त अँटिबायोटिक दिलेल्या रुग्णांपैकी ३३ टक्क्यांची किडनी बिघडली. जोडीला अल्ब्युमिन दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. दवाखान्यातले मृत्यूही २९ वरून १० टक्क्यांवर आले. तिथे पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम दिलं होतं. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी ९० ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमच्या चार-पाच बाटल्या. पैशांची जुळवाजुळव आधीच करून ठेवलेली बरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

५. लॅक्टुलोज म्हणजे नुसतं जुलाबाचं औषध नव्हे.

भ्रमावर देतात ते हे औषध. दिवसाला दोन-तीन मऊ शौच, एवढंच त्याचं माप. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये दाखवलं, की एकदा भ्रम होऊन गेलेल्या रुग्णांमध्ये लॅक्टुलोज चालू ठेवलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपासवरून २० टक्क्यांच्या आसपास येतं. औषध चांगलंच आहे. पण मेंदू भरकटला की नुसतं लॅक्टुलोज वाढवून घरी बसणं धोक्याचं, कारण आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. शिवाय आठ-दहा पातळ शौच झाली की अंगातलं पाणी आणि पोटॅशियम जातं आणि त्यानेच भ्रम वाढतो.

नवतपात तर हे फार जपावं लागतं. पारा पंचेचाळीसवर, कूलर दिवसभर चालू, पंख्याला गरम हवा, रुग्णाला पाण्याची गोळी चालू आणि त्यात जुलाब. अशा दिवशी पाण्याची गोळी द्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. आपल्या मनाने दोन्ही करायचं नाही.

६. झोपेची गोळी देऊ नका.

रात्रभर जागणारा रुग्ण घर थकवतो, आणि कोणीतरी अल्प्राझोलाम सुचवतं. देऊ नका. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका, किडनी जाते. आणि ती सकाळची गॅसची गोळी, पँटोप्राझोल, जी आपल्या शहरात चहाआधी निम्मी घरं घेतात, तीही विनाकारण चालू ठेवू नका. सिरोसिसच्या रुग्णांत तिचा पोटातल्या पाण्याच्या इन्फेक्शनशी आणि भ्रमाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. गरज असेल तर डॉक्टर लिहितीलच.

७. वरण बंद करू नका.

आईला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी नातेवाईकांचा आदेश आला: डाळ बंद, दूध बंद, फक्त भात आणि साखरपाणी. या सल्ल्याचं मूळ फार लांब आहे. १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या शिरा अशा जोडल्या, की आतड्यातलं रक्त लिव्हर टाळून पुढे जाईल. त्या कुत्र्यांना मांस खायला घातलं की ते पिसाळल्यासारखे करत, लडखडत आणि बेशुद्ध होत. तिथून प्रथिनांची भीती सुरू झाली आणि शंभर वर्षं टिकली. पुढे २००४ मध्ये बार्सिलोनात तपासून पाहिलं, तेव्हा भ्रम असलेल्या रुग्णांची प्रथिनं तोडून काहीच फायदा झाला नाही.

उलट, लिव्हर थकलं की अमोनिया निस्तरण्याचं बरंचसं काम स्नायू करतात. स्नायू गेले, की पुढचं इन्फेक्शन जास्त जोरात आपटतं. आईला रोज वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत, असं आहारतज्ज्ञांनी सांगितलं. वरण, दही, पनीर, अंडं, मूग. आमच्याकडे गोळाभात होतो तेव्हा तिला गोळे जास्त आणि भात कमी असतो. मीठ मात्र मोजून, पोटात पाणी आहे म्हणून. सावजीचा रस्सा तिला वर्ज्य आहे तो तिखटापेक्षा मिठामुळे. रात्री झोपण्याआधी काहीतरी खायला द्यायचंच. रात्रभराचा उपास या रुग्णाचे स्नायू खातो.

८. पाय रोज बघा.

सुजलेल्या पायांच्या भेगांतून जंतू आत शिरतात. अंगणात अनवाणी नाही. पावसाळ्यात गवताकडे, शेताकडे नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही. हा आजार पसरवणारा किडा चावल्याची जागा काळी खपली धरते आणि ती काखेत, जांघेत, कपड्यांआड असते. तापाच्या रुग्णाला आंघोळ घालताना ती शोधायची. फ्लूची, न्यूमोनियाची आणि हिपॅटायटिसची लस घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

९. कॅज्युअल्टीत वाक्य नेमकं हवं.

एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं होतं, "वय झालं की असं होतं, घरी न्या." त्या रात्री आईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी तिने भिशीतल्या बायकांना फोन करून वर्गणी मागितली होती. वय एका दिवसात वाढत नाही. हेच उत्तर किती घरांना मिळत असेल, या विचाराने मला आजही राग येतो.

तेव्हापासून मी दारातच सांगते: "सिरोसिस आहे, कालपर्यंत बरी होती, आज वागणं बदललंय. आधी शुगर बघा आणि मग इन्फेक्शन शोधा." शुगर आधी, कारण ती खाली गेली तरी माणूस असाच दिसतो आणि ती दोन मिनिटांत कळते. मग लघवी, ब्लड कल्चर, छातीचा एक्स-रे, पोटातलं पाणी. शौच काळं झालं असेल तर तेही सांगायचं. पोटातल्या रक्तस्रावानेही मेंदू गुंगतो आणि इन्फेक्शनही होतं. पडली असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन. हे सगळं डॉक्टरांना माहीत असतं. पण नागपूरचं मेडिकल असो की मेयो रुग्णालय, रात्रीच्या गर्दीत गुंगलेल्या रुग्णाच्या वतीने बोलायला एक शुद्धीवरचं माणूस लागतं.

१०. शुद्ध आली म्हणजे सगळं परत आलं, असं नाही.

आई परत आली ती बऱ्यापैकी पूर्ण. तरी हिशोबाचा वेग पूर्वीचा नाही. मोठे भ्रम ओसरल्यावरही शिकण्याच्या, लक्ष ठेवण्याच्या क्षमतेत कमतरता राहते, हे डॉक्टरांनी मोजून पाहिलेलं आहे. गाडी चालवणं तिने सोडलं. गॅसजवळ कोणीतरी असतं. भिशीची वही तिच्याकडेच आहे. बेरीज मी दुसऱ्यांदा करते, तिच्यासमोर, तिला सांगून. ती जे बरळली ते तिला पुढे कोणी हसत सांगू नये, एवढा नियम आमच्या घरात आहे. तिला त्यातलं थोडं आठवतं आणि त्याची लाज वाटते.

आणि एक कठीण गोष्ट. सिरोसिसमध्ये गंभीर इन्फेक्शन झालं की मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा इन्फेक्शन झालेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्के महिनाभरातच गेलेले दिसले. म्हणून घरी सोडताना तीन प्रश्न विचारा. इन्फेक्शन पुन्हा होऊ नये म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवायचं का? लॅक्टुलोजबरोबर रिफॅक्सिमिन लागेल का? आणि लिव्हर प्रत्यारोपणासाठी तपासणी आत्ताच सुरू करायची का? तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण नाव नोंदवायला उशीर झाला तर नंतर रुग्णाची प्रकृती शस्त्रक्रिया झेपण्यासारखी राहत नाही.

११. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी.

नागपूरच्या वॉर्डांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा इथून रात्रीचा प्रवास करून माणसं येतात. गुंगलेल्या रुग्णाला गाडीत कुशीवर झोपवा. तोंडाने काही पाजू नका, लॅक्टुलोजही नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होईल आणि एकाची दोन इन्फेक्शन होतील. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शुगर बघून घ्या. तिथेच अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळत असेल तर घ्या. आधी रक्ताचं कल्चर काढता आलं तर उत्तमच. दिलेल्या इंजेक्शनचं नाव आणि वेळ कागदावर लिहून आणा. फाइल, चालू गोळ्यांची पिशवी आणि रुग्ण शेवटचा नीट कधी बोलला होता ती वेळ, हे सोबत हवंच. आणि ज्याला ती वेळ खरोखर माहीत आहे, त्याच माणसाला गाडीत बसवा. बहुतेक घरांत ती बाई असते, आणि बहुतेक वेळा तिलाच घर सांभाळायला मागे ठेवलं जातं.